जावक : शिवथरच्या खोऱ्यातून बाहेर जाणाऱ्या निरोपाचा इतिहास

ग्रामपंचायतीच्या कचेरीत दोन नोंदवह्या असतात. एक आवकेची, दुसरी जावकेची. बाहेरून आलेला कागद पहिलीत चढतो, गावातून गेलेला दुसरीत. जावक क्रमांक पडला नसेल तर कागद गेला असे कोणी मानत नाही. मग तो कितीही सुवाच्य लिहिलेला असो.

या दोन वह्यांची आठवण होण्याचे कारण घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी शिवथरच्या खोऱ्यात, आजोळच्या घरी मुक्कामाला होतो. महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाटाच्या दिशेने निघालात की डावी-उजवीकडे सह्याद्रीचे कडे जवळ येत जातात आणि त्यांच्या कुशीत हे खोरे लागते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही नावे इथलीच. पाऊस म्हणजे काय ते इथे कळते. घरात मामी मोबाइलवर मालिका पाहत होत्या आणि ती चांगली दिसत होती. त्याच वेळी माझा मामेभाऊ ओटीवर उभा राहून भातशेताचा फोटो पाठवण्याच्या खटपटीत होता. सरकारच्या ई-पीक पाहणीसाठी तो पाठवणे गरजेचे होते. पडद्यावरचे चक्र गरगरत राहिले. फोटो काही जाईना. शेवटी तो फटफटी काढून फाट्यावर गेला आणि तिथून फोटो पाठवून तासाभराने भिजून परत आला. मामी म्हणाल्या, “अख्खा सिनेमा घरात येतो, आणि एक फोटू बाहेर जात नाही! असं कसं रे हे?”

मामींचा प्रश्न मला उत्तर देण्याजोगा वाटला, आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा इतिहासात अधिक आहे असेही वाटले. गावाच्या इतिहासात आपण नेहमी आवकच नोंदवतो. टपाल कधी आले, रस्ता कधी आला, रेडिओ कधी आला, वीज कधी आली. गावातून बाहेर काय गेले, कशाने गेले, कोणाच्या खर्चाने गेले आणि काय जाऊ शकले नाही, याची वही सहसा कोणी उघडत नाही. ती उघडायला शिवथरइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण या खोऱ्याची कीर्तीच मुळी इथून बाहेर गेलेल्या एका ग्रंथामुळे आहे.

१. घळ आणि नक्कल

जावळीच्या मोऱ्यांचा हा मुलूख १६५६ साली शिवाजी महाराजांच्या हाती आला. त्यानंतरच्या काळात रामदासस्वामी इथल्या घळीत राहिले आणि दासबोधाची रचना इथे झाली, अशी समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. ग्रंथाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. तो हिशेब इसवी सन १६५९ च्या आसपास येतो. आज आपण जिला शिवथरघळ म्हणतो ती जागा धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली. स्थाननिश्चितीबद्दल वाद झालेले आहेत. त्यात मी शिरत नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. धबधब्याच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये अशा घळीत रचलेला ग्रंथ महाराष्ट्रभर पोचला कसा?

उत्तर एका शब्दात आहे : नक्कल. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, अशी परंपरा आहे. कल्याणस्वामींच्या हातची प्रत पुढे परांड्याजवळच्या डोमगावच्या मठात राहिली. तिच्यावरून आणि तिच्यासारख्या प्रतींवरून मठामठांत नकला झाल्या. छापखाना नव्हता. एका हाताने एका वेळी एक प्रत, आणि प्रत्येक प्रतीला काही आठवडे. ग्रंथ बाहेर जाण्याचा वेग बोरूच्या टोकाएवढा होता.

ही मर्यादा समर्थांना नेमकी ठाऊक असावी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे कसे असावे, ओळ कशी धरावी, पानाच्या कडेला जागा का सोडावी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकसारखे का दिसावे, शाई आणि कागद कसे निवडावेत, याचे बारकावे त्यात आहेत. अध्यात्माच्या ग्रंथात हे कशाला, असे पुष्कळांना वाटते. मला ते जावकेचे शास्त्र वाटते. बाहेर जाणारा माल निर्दोष असला पाहिजे, कारण चुकीची नक्कल पुढे शंभर चुकीच्या नकलांना जन्म देते आणि ती दुरुस्त करायला लेखक सोबत जात नाही. श्रवण करणारे हजारो असतात, पण लिहून पाठवणारा हात एखादाच असतो, आणि त्या हाताला शिकवावे लागते. देवांनी पुढे ही बाडे जमवली आणि १९३५ साली धुळ्यात वाग्देवता मंदिर उभे करून त्यांत ती सांभाळली. जे बाहेर गेले होते तेच जमवता आले. नक्कल न झालेले कागद या खोऱ्यातल्या ओलीने केव्हाच खाल्ले असणार.

याच काळातली दुसरी जावक शेजारच्या रायगडावरची. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. त्याने जे पाहिले ते लिहून मुंबईच्या वखारीला कळवले. सभासदाने बखर लिहिली ती पुढे वीस वर्षांनी. ऑक्झिंडेनचे टिपण त्या वेळचे म्हणून आजही प्रत्येक इतिहासकार त्याचा आधार घेतो. सोहळा हजारोंनी पाहिला. पण ज्याच्यापाशी लिहिण्याची सवय आणि कागद बाहेर पोचवण्याची व्यवस्था होती, त्याचे पाहणे टिकले. जावक ज्याच्या हाती, साक्ष त्याची.

२. अर्ध्या आण्याची वाट

सर्वसामान्य घराला बाहेर निरोप पाठवण्याची सोय मिळाली ती १८५४ च्या टपाल कायद्याने. त्याआधी टपालाचा आकार अंतरावर अवलंबून असे आणि तो पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. नव्या व्यवस्थेत अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की हलके पत्र देशात कुठेही जाऊ लागले. महाडहून पोलादपूरला असो की कलकत्त्याला, दर एकच. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. पाठवणाऱ्याचा खर्च इतका उतरला की गरिबालाही निरोप परवडू लागला. टपाल धावपट्यांच्या खांद्यावरून घाट चढत-उतरत होते, पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : येणारी थैली आणि जाणारी थैली एकच माणूस, एकाच वाटेने, एकाच चालीने नेत होता. आवक आणि जावक यांत वेगाचा फरक नव्हता.

फरक होता तो वेगळ्या ठिकाणी. कोकणातला पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, खानावळीत. १८८० पासून मनिऑर्डर सुरू झाली आणि महाड-पोलादपूरच्या गावांना महिन्याच्या महिन्याला आवक होऊ लागली. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळी लिहिण्याची जागा असे. तेवढीच मुंबईकराची खबर. मागे राहिलेल्या बाईला मात्र उत्तर द्यायचे तर आधी लिहिता येणारा माणूस शोधावा लागे. मास्तर, पोस्टमन, शाळेत जाणारा पोर. मनातले सांगायचे ते सगळे त्याच्यासमोर सांगावे लागे. साहजिकच जाणारे पत्र ‘सर्व खुशाल’ एवढ्यावर येऊन थांबे. पैसे नसले तर बिनतिकिटाचे, म्हणजे नॉटपेड पत्र टाकायचे. दुप्पट दंड मुंबईत घेणाऱ्याने भरायचा. उत्तराची खात्री हवी असेल तर जोडकार्ड पाठवायचे, म्हणजे परतीचे अर्धे कार्ड आधीच तिकीट भरलेले. दुसऱ्याच्या जावकेचा खर्च आपण आधी भरल्याशिवाय तिचा आवाज आपल्यापर्यंत येणार नाही, ही समज या जोडकार्डात होती.

३. आपला कागद, आपला छापखाना

जावकेला राजकीय अर्थ येतो तो याच मुलखात, आणि फार लख्ख येतो.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ‘दीनबंधू’, ‘सुधारक’ अशा पत्रांतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारदरबारी अर्ज लिहिला. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहायचे असे ठरून गेले होते, त्यांच्यातला एक माणूस स्वतःचा मजकूर स्वतः पाठवू लागला. पण छापायचा की नाही हे दुसऱ्याच्या संपादकाच्या हाती होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही अडचण पुरती ठाऊक होती. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या त्यांच्या पत्राचे नावच ‘मूकनायक’. मुकेपण म्हणजे ऐकू न येणे नव्हे. बोलणे बाहेर न जाणे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांनी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. हा क्रम योगायोगाचा नाही. तळ्यावर काय घडले याची हकीकत इतरांनी आपापल्या परीने सांगितलीच असती. ती आपल्या शब्दांत बाहेर जावी यासाठी आपला कागद लागतो. पाण्याचा हक्क आणि आपली हकीकत आपण सांगण्याचा हक्क, हे महाडने एकाच वर्षात मागितले.

त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. हे पहिले साधन असे होते ज्यात घरात फक्त आवक होती. पेटी बोलते, घर ऐकते. टपालाची थैली दोन्हीकडे जात होती. रेडिओची लहर एकाच दिशेला. जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी १९३२ मध्येच यावर बोट ठेवले होते : रेडिओ ऐकवतो, त्याला ऐकता आले पाहिजे, श्रोत्याला बोलता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे लोकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. विविध भारतीला फर्माइशीची पोस्टकार्डे लिहिली. आवक आकाशातून, जावक पोस्टमनच्या पिशवीतून. पुढे दूरदर्शन आले, मुंबई केंद्र १९७२ मध्ये, आणि घरातली ही एकतर्फी सवय पक्की झाली. माध्यम म्हणजे जे आपल्याकडे येते ते, असे आपण मानू लागलो.

४. अरुंद वाट कोणी आखली

टेलिफोन मात्र दोन्ही बाजूंचा होता. तांब्याच्या दोन तारा, बोलणे आणि ऐकणे सारखेच. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री दर उतरल्यावर रांग लागे तेव्हा आईला मुलाचा आवाज जितका स्पष्ट ऐकू येई, तितकाच मुलाला आईचा. तिला लिहिता येत नव्हते, पण आता मध्ये मास्तर नको होता. खोऱ्यातल्या कित्येक बायकांच्या आयुष्यातली ही पहिली खरी जावक.

इंटरनेट घरात आले ते याच तारेवरून. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते लोकांसाठी खुले केले. सुरुवातीच्या मोडेममध्ये येण्याजाण्याचा वेग समान होता. सर्वांत वेगवान समान मोडेम सेकंदाला ३३.६ किलोबिटचा. मग १९९८ मध्ये नवे मानक आले. येण्याचा वेग ५६ झाला, जाण्याचा ३३.६ वरच राहिला. घरगुती इंटरनेटमधली पहिली ठळक असमानता ही अशी, एका पाटीवरच्या आकड्यात आली. दुकानदार ‘छप्पन्नचा मोडेम’ म्हणून विकत. तेहतीसचा उल्लेख कोणी करत नसे.

त्यापुढचे पाऊल ब्रॉडबँडचे. अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत जोसेफ लेचलायडर या अभियंत्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडले की, जुन्या टेलिफोन तारेतून दोन्ही दिशांना समान वेग देण्याचा हट्ट सोडला तर एका दिशेचा वेग पुष्कळ वाढवता येईल. कारण साधे आहे. शेकडो घरांच्या तारा एका जाड केबलमध्ये शेजारी शेजारी असतात. घराकडून निघालेला संदेश एक्स्चेंजपाशी पोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, आणि नेमका तिथेच एक्स्चेंजमधून निघणारे जोरकस संदेश त्याच्या कानाशी ओरडत असतात. घराचे बोलणे त्या गोंगाटात बुडते. म्हणून दोघांच्या वाटाच वेगळ्या केल्या. १९९९ च्या मानकात तारेवरच्या कंपनांची वाटणी अशी आहे : पहिले ४ किलोहर्ट्झ आवाजाला, साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ जावकेला आणि १३८ ते ११०४ किलोहर्ट्झ आवकेला. म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या वाटेला रुंदीचा नववा-दहावा हिस्सा.

ही वाटणी मूर्खपणाची नव्हती, हे सांगितले पाहिजे. त्या काळी टेलिफोन कंपन्यांच्या डोळ्यांसमोर तारेवरून मागणीप्रमाणे चित्रपट पोचवणे होते. घर बघणार, केंद्र पाठवणार. केबल टीव्हीच्या जाळ्यावर इंटरनेट आले तेव्हाही हेच झाले, कारण ते जाळेही घरात वाहिन्या ओतण्यासाठीच बांधलेले होते. रेडिओ आणि दूरदर्शनने लावलेली सवय अशी तारेच्या गणितात उतरली. पुढे आकडेवारी निघाली की लोक पाठवतात कमी, मागवतात जास्त. पण ज्या दाराची एक फळी कायम अडसर घालून बंद, त्या दाराने माणसे कमीच बाहेर पडणार. तेवढ्यावरून त्यांना बाहेर पडायचेच नाही असे कसे म्हणावे?

सरकारी व्याख्येनेही हीच वही पुढे चालवली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने कायम चालू असलेल्या आणि किमान २५६ किलोबिट डाउनलोड देणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले. पुढे हा आकडा ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. तिन्ही वेळा आकडा डाउनलोडचा. अपलोड, म्हणजे जावक, किमान किती असावी यावर व्याख्या गप्प आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये २५ आणि ३, तर २०२४ मध्ये १०० आणि २० मेगाबिट असे दोन्ही आकडे सांगितले. तिथेही जावक लहान आहे, पण निदान तिला वहीत ओळ आहे.

५. भिंतीआडचा क्षीण आवाज

आता मामींच्या प्रश्नाकडे येतो. शिवथरच्या खोऱ्यात बहुतेक घरांचे इंटरनेट म्हणजे मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर ज्या दांड्या दिसतात त्या मनोऱ्याचा आवाज आपल्याला किती जोरात येतो ते सांगतात. आपला आवाज मनोऱ्यापर्यंत किती पोचतो ते सांगत नाहीत. मनोऱ्यावरचे यंत्र कित्येक वॅट शक्तीने बोलते, वीस-चाळीससुद्धा. हातातला फोन फार तर ०.२ वॅटने. मनोऱ्याचे कान तिखट असतात, त्यामुळे मोकळ्या माळावर हा फरक जाणवत नाही. पण मध्ये डोंगराचा सोंड, भिजलेले रान आणि मातीची भिंत आली की आधी क्षीण आवाज विरतो. त्यात काही पट्ट्यांत येणे-जाणे एकाच कंपनावर, वेळ वाटून होते. दहा भागांपैकी दोनच पूर्णपणे जावकेला, असे वाटप प्रचलित आहे. म्हणून मामींची मालिका येते आणि भावाचा फोटो अडतो. दांड्या चार, निरोप शून्य.

आकड्यात पाहू. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटात आठ बिट. फोनने काढलेला फोटो ४ मेगाबाइटचा असेल तर तो ३२ मेगाबिट झाला. सेकंदाला १ मेगाबिट जावक असेल तर अर्धा मिनिट लागतो. पाव मेगाबिट असेल तर दोन मिनिटांहून जास्त. एक गिगाबाइटचे चलचित्र, म्हणजे लग्नाचे किंवा शाळेच्या प्रकल्पाचे तासाभराचे चित्रण, एका मेगाबिटने पाठवायला सव्वादोन तास. दहा मेगाबिटने तेरा-चौदा मिनिटे. समोरासमोरच्या बोलण्यासाठी दोन्ही बाजूंना साधारण अर्धा ते दीड मेगाबिट सतत लागतो. घरात मुलगी वर्गात, बाप कामाच्या बैठकीत आणि आजी डॉक्टरांसमोर असेल तर तीन जावका एकाच वाटेवर.

शिवाय आवकसुद्धा जावकेवर उभी असते. टपालात रजिस्टर पत्राची पोचपावती परत जात असे तशी इंटरनेटवर येणाऱ्या तुकड्यांची पोच सतत परत जात असते. जावकेची वाट एखाद्या मोठ्या फाइलने तुंबली की पोच अडकते, पोच मिळेना म्हणून पाठवणारा हात आखडतो, आणि शंभर मेगाबिटची जोडणीही रखडते. पोरगी फोटो पाठवत असताना बापाचा आवाज तुटतो तो यामुळे.

आणि या वीस वर्षांत घराकडून बाहेर काय मागितले जाते ते पार बदलले. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर येई. आता शेतकऱ्याने पिकाचा फोटो पाठवायचा. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यायची. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटोने. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या फोटोवर. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून. २०२० पासून ई-संजीवनीवर डॉक्टर घरबसल्या. पण डॉक्टरांना रुग्ण दिसायला हवा, रुग्णाला डॉक्टर दिसणे दुय्यम. शासन घराकडे जावक मागते आणि घराला जोडणी देताना मोजते ती आवक. मधल्या फरकाची किंमत फाट्यापर्यंतच्या पेट्रोलने आणि बुडालेल्या मजुरीने चुकती होते. नॉटपेड पत्राचा दंड निदान घेणारा भरत होता.

याला उत्तर आहे, आणि ते फार दूर नाही. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, ही जुनी कोंडी सुटते. आज घराघरांत जाणाऱ्या फायबरच्या प्रचलित मानकात आवक सुमारे २.५ गिगाबिट आणि जावक सुमारे १.२५, ती बत्तीस घरांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिट जावक येते. शहरांत अनेक योजनांत येण्याजाण्याचा वेग समानच देतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. प्रश्न कचेरीपासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचा आहे, आणि तो तुकडा पूर्ण झाला असे म्हणताना कोणता आकडा तपासायचा याचा आहे.

६. न गेलेला निरोप

एक दिवस असा आहे की तो टाळून या खोऱ्यातला जावकेचा इतिहास लिहिता येणार नाही. २२ जुलै २०२१. सावित्री, काळ आणि गांधारी यांच्या पुरात महाड बुडाले होते. वीज गेली होती, मोबाइल बंद होते. त्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर खचला. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही त्याच दिवशी दरडी आल्या. तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. खबर बाहेर पडायला तास लागले. रस्ते पाण्याखाली, आणि मदत पोचली ती दुसऱ्या दिवशी.

वेगवान जावकेने डोंगर थांबला नसता. दरडीखालची माणसे तेवढ्याने वाचली असती असेही मी म्हणणार नाही. दुःखावर असे हिशेब मांडू नयेत. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जुन्या टेलिफोनच्या तारेत वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून येई. गावात अंधार असला तरी घंटा वाजत असे. आज फायबरची पेटी घरातल्या विजेवर चालते आणि मनोरा डिझेल संपेपर्यंत. वेग हजारपटीने वाढला, आणि संकटात सर्वांत आधी हरपणारी गोष्टही निरोपच झाली. म्हणून जावक मोजताना दोन आकडे लागतील : किती वेगाने जाते, आणि वीज गेल्यावर किती तास जाते. या मुलखात दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मी घळीत जाऊन आलो. पावसाचे पाणी कड्यावरून कोसळत होते, आणि आत बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलताना कानाशी तोंड न्यावे लागत होते. या आवाजात कोणीतरी सावकाश सांगत असेल आणि दुसरा वाटोळे, सरळ अक्षर काढत असेल, तर त्याला कागदाच्या कडेला सोडलेली जागासुद्धा का मोलाची वाटली असेल ते तिथे समजते. बाहेर पडायला वाट एकच, अरुंद. तिच्यातून जाईल तेवढेच जगाला कळणार.

परत आलो तेव्हा मामेभाऊ ओटीवरच होता. फोटो पोचल्याचा संदेश त्याला आला होता. पावतीचा क्रमांक त्याने मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. त्याआधीच्या हंगामांचेही क्रमांक तिथे होते. पानाच्या डोक्यावर, ग्रामपंचायतीत पाहून पाहून, त्याने एकच शब्द लिहिला होता : जावक.